तिच्या आईच्या कमेंट

मी तेव्हा राहुरी तालुक्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्षभर तास घ्यायचे आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यायची. अशा माणसाला कॉलेजात कुठल्याच कामाला नाही म्हणता येत नाही. माझं मराठी चांगलं म्हणून पहिल्याच वर्षी मला प्रसिद्धी समितीत घातलं.

तेव्हा प्रसिद्धी म्हणजे फार काही नव्हतं. वृक्षारोपण झालं, पाहुण्यांचं व्याख्यान झालं की मी संध्याकाळी बातमी लिहायची, तिच्या चार झेरॉक्स काढायच्या आणि फोटोसकट वार्ताहरांकडं पोचवायच्या. त्यातल्या एकाचं स्टँडसमोर स्टेशनरीचं दुकान होतं. तो बातमी वाचताना माझ्यासमोरच लाल पेनानं प्रमुख पाहुण्यांची दोन विशेषणं कापायचा. तीन-चार दिवसांनी आतल्या पानावर छापून आलं की प्राचार्य स्वतः कात्री घेऊन कात्रण काढत आणि फाईलला लावत. त्यांना ते शिपायाला सांगायला आवडत नसे.

खरी प्रसिद्धी व्हायची ती मे महिन्यात. आम्ही शिक्षक दोघादोघांनी गावं वाटून घ्यायचो आणि बारावी झालेल्या मुलांच्या घरी जायचो. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, चहा नको म्हणायचं आणि प्यायचाच. माहितीपत्रक द्यायचं. बहुतेक घरांत ते कोणी उघडूनही बघत नसे. लोक आमच्या तोंडाकडं बघून ठरवायचे.

जिच्याबद्दल सांगायचं आहे त्या मुलीच्या घरी मी अशीच गेले होते. कॉलेजपासून दहा-बारा किलोमीटरवर, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की त्यांची वस्ती. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पण पुढच्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतीत नीट कपाट केलेलं आणि वर बुद्धाची तसबीर. वडील साखर कारखान्यात पाळीवर होते. आई गावातल्या अंगणवाडीत सेविका. ती मुलगी दाराच्या चौकटीला टेकून आमचं बोलणं ऐकत होती. बी.एस्सी. करायचं हे तिनं आधीच ठरवलेलं. आईनं माझ्याकडून माहितीपत्रक घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एकच विचारलं.

“मॅडम, सोडता किती वाजता?”

“प्रॅक्टिकल असलं तरी चारपर्यंत मोकळं होतं,” मी म्हणाले. “मुलींना आम्ही उशिरापर्यंत थांबवत नाही.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. त्याच आठवड्यात ती स्वतः सोबत येऊन मुलीचा प्रवेश घेऊन गेली.

असं गावोगाव फिरण्याचं ते शेवटचंच वर्ष ठरलं. पुढच्या वर्षी संस्थेनं पुण्याच्या एका एजन्सीशी बोलणी केली. आसपासच्या सगळ्या कॉलेजांची पेजेस होती, रील होत्या, ड्रोननं काढलेले व्हिडिओ होते. आमच्या सायन्सच्या तुकड्या भरत नव्हत्या. तुकडी कमी झाली असती तर माझ्यासारख्यांचीच जागा आधी गेली असती, त्यामुळं मला ते सगळं पटतही होतं. पेज एजन्सीचं, पण कॉलेजातून फोटो-व्हिडिओ काढून पाठवायचे, ओळी लिहायच्या आणि लोकांच्या कमेंटना उत्तरं द्यायची हे माझ्याकडं आलं. कॉलेजचा एक मोबाईल मला मिळाला, आणि एक स्टँड.

एजन्सीतला एक मुलगा-वजा-साहेब मला फोनवर सूचना द्यायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, बिल्डिंगचे फोटो बंद करा. सत्कार बंद. आम्हाला चेहरा पाहिजे.”

चेहरा मला त्याच्याही पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर सापडला. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी दोन-चार मुलांना काहीतरी बोला म्हणून मागं लागले होते. सगळे पाठ केल्यासारखं बोलत होते. ती सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून म्हणाली, “मी घरी रोज कांदा चिरते. पण कांद्याच्या सालीत एवढ्या खोल्या असतात, हे इथं आल्यावर बघितलं.” आणि हसली. हसताना तिनं ओढणीनं डोळा पुसला, कांदा चिरल्यासारखा. तिला ते माहीतही नव्हतं.

ती रील आमच्या पेजवरच्या कशाहीपेक्षा जास्त चालली. नेवाशाकडून, श्रीरामपूरकडून फोन यायला लागले, “ते कांद्यावाल्या मुलीचं कॉलेज हेच का?” प्राचार्य खूश झाले. तिलाही मजा वाटत होती. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “मॅडम, दवाखान्यात एका आज्जीनं मला ओळखलं. आईनं तर अंगणवाडीतल्या सगळ्या बायांना दाखवलं. तिला ते मोबाईलवर परत-परत कसं लावायचं ते मी शिकवलं.”

फेब्रुवारीत एजन्सीकडून निरोप आला. प्रवेशाचा मोठा व्हिडिओ करायचा आहे आणि त्यात तीच मुलगी पाहिजे. तिनं लायब्ररीतून बाहेर पडून फाटकापर्यंत चालत यायचं. शेवटी वळून बघायचं. संध्याकाळच्या उन्हात.

मी तिला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. तिचं प्रॅक्टिकल तीनला संपलं होतं. उन्हासाठी आम्ही पाचपर्यंत थांबलो. मी तिला कँटीनमध्ये वडापाव खाऊ घातला आणि तिनं मला सांगितलं की पुढं राहुरीला कृषी विद्यापीठात जमतं का बघायचं आहे, बियाण्यांवर काम करायचं आहे. मग आम्ही शूटिंग सुरू केलं. एकदा मागून बाईक आली. एकदा तिची ओढणी झुडपाला अडकली. एकदा माझाच हात हलला. साडेसहा होत आले. ऊन खाली उतरलं होतं आणि सगळं आवार तांबूस दिसत होतं. खरंच फार सुंदर उजेड होता तो.

“मॅडम, झालं का? उशीर होतोय,” ती म्हणाली.

“एकदाच. उजेड बघ किती छान आहे,” मी म्हणाले.

ती मागं गेली आणि परत चालत आली. वळून बघितलं. ते नीट आलं. मी अंगठा वर केला. तिनं पर्समधून रुमाल काढून तोंडाला बांधला, गाडी काढली आणि गेली. तेव्हा पावणेसात झाले असतील. वडिलांनी त्याच वर्षी तिला ती सेकंडहँड गाडी घेऊन दिली होती.

कारखाना चालू असण्याचे दिवस होते. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रीघ. त्यातली एक टायर फुटून अंधारात रस्त्यावरच उभी होती. मागं लाल दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती. मी घरी पोहे करत होते तेव्हा एका सहकाऱ्याचा फोन आला, तिची गाडी त्या ट्रॉलीवर मागून आदळली, ती गेली. गॅस बंद करायचं मला सुचलं नाही. पोहे करपले आणि घरभर धूर झाला, एवढंच मला त्या वेळचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. मी बायकांच्या मागं उभी राहिले. तिच्या आईच्या जवळ जाण्याचं धाडस मला झालं नाही. प्राचार्य तिच्या वडिलांचे हात हातात घेऊन रडले. ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण कॉलेजात परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं.

“मॅडम, ती काल प्रॅक्टिकल झाल्यावर लायब्ररीत अभ्यासाला थांबली होती. बरोबर ना?”

मी दाराजवळच उभी होते.

“संस्थेचा फोन आला होता. शूटिंगचं बाहेर गेलं तर कॉलेजचं नाव जाईल. आणि तुमचंही,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. उलट ते मला वाचवत आहेत असा त्यांचा सूर होता. “तो व्हिडिओ काढून टाका मोबाईलमधून.”

मी मान हलवली. त्या मान हलवण्याला आता अडीच वर्षं झाली.

व्हिडिओ मी पुसला नाही. कॉलेजच्या मोबाईलमधून माझ्या मोबाईलवर घेतला आणि मग तिथला पुसला. तो कशासाठी ठेवला हे मला सांगता आलं नसतं. पुढं कित्येक महिने उघडूनही पाहिला नाही.

पेजवर श्रद्धांजली टाकली. काळ्या पट्टीतला तिचा फोटो आणि मी लिहिलेल्या तीन ओळी. खाली शेकडो लोकांनी हात जोडले. चौथ्या दिवशी एजन्सीचा फोन. “मॅडम, ती पोस्ट काढावी लागेल. पेज उघडलं की पहिलं तेच दिसतंय. आणि ती कांद्याची रीलही काढा. लोकांना कळलं की ही मुलगी आता नाही, तर चांगलं दिसत नाही.” प्राचार्यांनी होकार दिला होता. मी दोन्ही काढलं.

आठवड्याभरानं पहिली कमेंट आली. विज्ञान दिनाच्या रांगोळीच्या फोटोखाली. “माझ्या मुलीचा कांद्याचा व्हिडिओ दिसत नाही. कुठे गेला कृपया सांगावे.” नावाजवळ अंगणवाडीच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईचा छोटा गोल फोटो. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं. तोवर दुसरी आली, वेगळ्या पोस्टखाली. मग तिसरी.

“त्या दिवशी प्रॅक्टिकल तीनला संपले असे तिच्या मैत्रिणी सांगतात. माझी मुलगी पावणेसातपर्यंत कॉलेजात काय करत होती?”

आणि त्याच्याच खाली, “मॅडम घरी आल्या होत्या तेव्हा चार वाजता सोडतो म्हणाल्या होत्या.”

माझं नाव घेतलं नव्हतं तिनं. मॅडम एवढंच.

एजन्सीवाल्यानं मला ‘हाइड’ कसं करायचं ते शिकवलं. ब्लॉक नको, म्हणाला. ब्लॉक केलं की माणसाला कळतं, ते दुसरीकडं जाऊन लिहितात. कमेंट हाइड केली की लिहिणाऱ्याला ती जागच्या जागी दिसत राहते. त्याच्या ओळखीच्या यादीत जे असतील त्यांना दिसते. बाकी कुणालाही नाही. “त्यांना वाटतं आपण बोललो. आपल्यालाही त्रास नाही.” हे तो एखादी घरगुती युक्ती सांगावी तसं सांगत होता.

मी हाइड करायला लागले. रोज सकाळी पहिल्या तासाच्या आधी. ती पहाटे पाणी भरून झालं की लिहीत असावी, कारण कमेंट नेहमी साडेपाच-सहाच्या असत. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं मोबाईलवर भरायची सवय असल्यानं तिचं टायपिंग स्वच्छ होतं. पहिले दोन महिने ती प्रश्नच विचारत राहिली. एकदा कॉलेजातही येऊन गेली म्हणे. ऑफिसात तिला लायब्ररीचं सांगितलं गेलं. मी त्या दिवशी वर्गात होते. खरं तर तास संपल्यावरही वर्गातच बसून राहिले होते.

नंतर प्रश्न थांबले. तिला उत्तराची आशा राहिली नसावी. पण लिहिणं थांबलं नाही. आमची जी पोस्ट येईल तिच्याखाली ती काहीतरी लिही. योग दिनाच्या फोटोखाली लिहिलं, “तिला लहानपणी दम्याचा त्रास होता. नंतर आपोआप गेला.” नव्या मुलांच्या स्वागताच्या फोटोखाली, “सर्व मुलांना शुभेच्छा. गाडी हळू चालवा.” एकदा प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली त्याची जाहिरात होती. तिथं तिनं लिहिलं, “आज भाजीला कांदा चिरला नाही. बरेच दिवस झाले चिरत नाही. तिचे वडील काही बोलत नाहीत, जेवतात.”

मी वाचत होते आणि लपवत होते. त्या एका कमेंटपाशी माझं बोट किती तरी वेळ थांबलं. मग बेल झाली. मी ती लपवली आणि वर्गात जाऊन समास शिकवले.

तिच्या बरोबरच्या एक-दोन सेविका कधी कधी खाली जोडलेले हात टाकत. बाकी कुणी काही लिहीत नसे, कारण बाकी कुणाला दिसतच नव्हतं. जगात तिचं सगळं लिहिणं वाचणारी मी एकटी होते. आणि मीच ते झाकत होते. घरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटायचं की मला कामाचा ताण आहे.

सप्टेंबरात एक दिवस तिनं लिहिलं, “उद्या तिचा वाढदिवस. कॉलेजने दोन ओळी टाकल्या तर बरे वाटेल.” मी प्राचार्यांकडं गेले. ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, “मॅडम, आता ते उकरायला नको.” त्यांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी बाहेर आले, अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि स्टँडवरून जीप पकडून तिच्या गावी गेले.

अंगणवाडी नुकतीच सुटली होती. ती मुलांच्या ताटल्या आवरत होती. मला तिनं लगेच ओळखलं. “या मॅडम,” म्हणाली, जसं काही मी येणारच होते. आम्ही तिच्या घरी गेलो. पुस्तकांचं कपाट तसंच होतं. वनस्पतिशास्त्राची जाड पुस्तकं कव्हर घालून ठेवलेली. वडील कामावर होते. तिनं पाणी दिलं आणि माझ्यासमोर खाली बसली. ती बारीक झाली होती.

“तुमच्या पेजवर मी लिहिते, बघितलं आसंल तुमी,” ती म्हणाली.

“हो.”

“कुनी उत्तर देत न्हाई. पन कुनी कधी वंगाळबी बोललं न्हाई. इतकी मानसं वाचत्यात, एकानंबी न्हाई म्हनलं की बाई, आता पुरं कर. लई भली लोकं हायेत. माझी बहीन म्हनती बंद कर. मी म्हनलं, लोकं गपगुमान ऐकून घेत्यात माझं, मी कशाला बंद करू?”

मी सांगितलं नसतं तर ती तशीच लिहीत राहिली असती, तिला तेवढा आधार राहिला असता, असं मला नंतर खूपदा वाटलं आहे. तेव्हा मला तिथं तसंच बसून राहणं शक्य झालं नाही.

“ताई, ते लोकांना दिसत नाही,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

मी सांगितलं. हाइड म्हणजे काय, कोण करतं, केव्हापासून. ती ऐकत होती. मधे तिनं स्वतःचा मोबाईल उघडला आणि योग दिनाचा फोटो काढून मला दाखवला. “ही बघा ना, हितं हाय.”

मी माझा मोबाईल उघडला. तोच फोटो काढला. तिनं दोन्ही मोबाईल शेजारी धरले. एकात तिची ओळ होती, एकात नव्हती. तिनं माझ्या मोबाईलवर बोट फिरवून खालपर्यंत बघितलं. मग सावकाश दोन्ही खाली ठेवले.

“मंग कुनीच वाचलं न्हाई?”

“मी वाचलं.”

“सगळं?”

“सगळं.”

बाहेर कुणीतरी शेळीला हाकत होतं. मला वाटलं आता उठावं. पण मी ज्यासाठी आले होते ते अजून सांगायचंच होतं. मी सांगितलं की तिची मुलगी लायब्ररीत नव्हती. मी तिला थांबवलं होतं. व्हिडिओसाठी. प्राचार्यांना ठाऊक होतं, संस्थेला ठाऊक होतं, आणि मी मान हलवली होती.

तिचा चेहरा हलला नाही. तिनं विचारलं, “तिला करायचं हुतं का ते? का तुमी म्हनला म्हनून?”

“तिला आवडायचं. पण शेवटी ती उशीर होतोय म्हणाली होती. मी एकदाच म्हणाले.”

“हाय का तो व्हिडिओ?”

येताना जीपमध्ये बसल्यावर मी पहिल्यांदा तो उघडला होता. त्यात आमची दोघींची ती वाक्यंही आली होती, तिचं झालं का आणि माझं उजेड बघ. आवाज बंद करून दिला तर तिला फक्त चालणारी मुलगी दिसेल, असा विचार माझ्या मनात आला होता, हे मी लपवत नाही. मी आवाजासकट तो तिच्या मोबाईलवर पाठवला.

तिनं तो लावला. लायब्ररीच्या पायऱ्या, तांबूस ऊन, चालत येणारी ती. “मॅडम, झालं का? उशीर होतोय.” मग माझा आवाज. मी इतक्या आनंदानं बोलले होते. मग ती परत लांब जाते, परत येते, वळून बघते. तिच्या आईनं तो तीन वेळा पाहिला. तिसऱ्यांदा मोबाईल छातीशी धरून फक्त ऐकला.

“हेवडंच सांगायचं हुतं,” ती म्हणाली. “ह्याला सात म्हयनं लागलं तुमाला?”

मी रडत होते. ती रडत नव्हती. ती माझ्याकडं बघतही नव्हती.

“तिचा बाप म्हनला, कुनाबरोबर गेली आसंल. त्यो मला तसं बोलला एकदा. गावातबी बोलत हुती लोकं. तीनला सुटलं तर पावणेसातपतूर पोरगी कुठं हुती? मी ते कुनाला सांगनार? म्हनून तर इचारत हुते तुमच्या त्या पेजवर.”

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटत होतं की ती आम्हाला दोष द्यायला विचारते आहे. पुण्याच्या माणसाला, प्राचार्यांना, आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की चारचौघांत कुणीतरी म्हणावं, ती कॉलेजच्याच कामाला थांबली होती.

“जावा तुमी आता,” ती म्हणाली. तुटक नव्हतं ते बोलणं. पाहुण्याला शेवटची जीप चुकेल म्हणून सांगावं तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, आमच्या पेजवर तिची कमेंट आली. वर संस्थेच्या कुठल्याशा करंडकाची पोस्ट होती. तिनं लिहिलं होतं, “माझी मुलगी त्या दिवशी पावणेसातपर्यंत कॉलेजच्या व्हिडिओसाठी थांबली होती. मॅडमनी स्वतः घरी येऊन सांगितले. जे काहीबाही बोलले त्यांनी वाचावे. आज तिचा वाढदिवस.”

मी ती लपवली नाही. मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि तासाला गेले. तास संपवून आले तेव्हा खाली बरीच माणसं लिहीत होती. तिच्या वर्गातल्या मुली, जुने विद्यार्थी, तिच्या गावातले कुणी कुणी. एका मुलीनं लिहिलं होतं, “त्या दिवशी मी तिला शूटिंग करताना पाहिलं होतं, मला सांगायची भीती वाटली.” दुपारपर्यंत ते राहिलं. मग एजन्सीनं पुण्याहून पूर्ण पोस्टच काढून टाकली आणि तिच्या आईला ब्लॉक केलं. पण तोवर ज्यांना वाचायचं होतं त्यांनी फोटो काढून ठेवले होते आणि ते गावाच्या ग्रुपवर फिरले होते.

प्राचार्यांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला विचारायचं होतंत.” मग चष्मा काढून म्हणाले, “विचारलं असतंत तर मी नको म्हणालो असतो.” त्यांनी मेमो दिला नाही. पेजचं काम काढून घेतलं. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीचं पत्र मला आलं नाही. मी वाट बघितली नव्हती, तरी पोस्टमन दारावरून गेला की बघायचे.

पोलिसात किंवा कोर्टात ते लोक गेले नाहीत. तिचे वडील एकदा कॉलेजात जाऊन बसले होते. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संस्थेनं तिच्या नावानं एक बक्षीस ठेवायची तयारी दाखवली, त्याचा कार्यक्रम आणि व्हिडिओही ठरत होता. तिच्या आईनं नको म्हणून कळवलं.

आता मी संगमनेरला एका क्लासमध्ये शिकवते. तिच्या आईनं मला माफ केलं असं कधी म्हटलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदा राहुरीच्या बाजारात ती समोर आली. मेथी घेत होती. “बऱ्या हायेत का मॅडम?” म्हणाली. मी हो म्हणाले. तिनं मुलीच्या वडलांचं सांगितलं, आता बोलतात म्हणाली, मुलीचं नाव घेऊन बोलतात. मग तिची बस आली.

व्हिडिओ पाठवला त्या दिवसापासून माझा नंबर तिच्याकडं आहे. महिन्यातून एखाद्या पहाटे ती स्टेटस ठेवते. मुलीचा शाळेतला फोटो, प्रवेशाच्या दिवशी काढलेला फोटो, कधी तो उन्हातला व्हिडिओ, माझ्या आवाजासकट. मी उठल्यावर ते बघते. शेवटपर्यंत बघते. कोणी कोणी बघितलं त्याची यादी तिला दिसत असणार, त्यात माझं नाव असतं. ती कधी काही लिहीत नाही, मीही नाही. मग मी चहा ठेवते.